पलीकडच्या किनाऱ्यावरून आलेला प्रश्न

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें ११.१९–३०, १३.१–४

ह्या पाठांत आपणांस दोन समुद्रप्रवासांचा विचार करावयाचा आहे. एक पहिल्या शतकांतील, अंत्युखियाहून कुप्र बेटाकडे झालेला, दुसरा इ. स. १९०२ मधील, दक्षिण हिंदुस्थानांतून सिलोनांतील जाफना येथें झालेला. दोन्ही प्रवास अंतरानें लहानच. अंत्युखियाच्या बंदरांतून कुप्र बेट अनुकूल वाऱ्यानें एकदोन दिवसांच्या वाटेवर आहे. आणि हिंदुस्थान व जाफना ह्यांच्यामधील सामुद्रधुनी तर अशी कीं, शिडाच्या होड्या ती शेंकडों वर्षें नित्य ओलांडीत आल्या. असें असूनहि ह्या दोन प्रवासांनीं जें घडवून आणिलें तें थोडें नाहीं. उपदेशक बंधूंनीं प्रथम शास्त्रपाठ मंडळीकडून मोठ्यानें वाचवून घ्यावा आणि मगच पुढील हकीकत सांगावी. हकीकत आधीं सांगितली तर ऐकणाऱ्यांचें चित्त तिच्यांतच गुंततें व वचन मागें राहतें, असा माझा अनुभव आहे.

अंत्युखियाची मंडळी कोणीं स्थापिली असें विचारिलें, तर पुष्कळ जण चटकन् पौलाचें नांव घेतात. तें खरें नव्हे. स्तेफनाच्या वधानंतर जो छळ झाला, त्यांत घरदार सोडून पांगलेल्या लोकांनीं ती स्थापिली, आणि त्यांपैकीं एकाचेंहि नांव लूकानें दिलेलें नाहीं. बहुतेकांनीं केवळ आपल्या यहूदी जातभाईंसच वचन सांगितलें. परंतु कुप्र व कुरेने येथील कांहीं माणसें अंत्युखियास आल्यावर हेल्लेण्यांशींहि बोलूं लागलीं. म्हणजे ज्यांनीं कुंपण ओलांडिलें तीं माणसें परकीं, बेघर व अप्रसिद्ध होतीं. पुढें यरुशलेमेच्या मंडळीनें ज्याला तेथें पाठविलें, तो बर्णबाहि मूळचा कुप्र बेटाचाच (४.३६). आतां तेरावा अध्याय उघडून पाहा. मंडळी उपवास व उपासना करीत असतां पवित्र आत्म्यानें तिच्यापाशीं दोघांस मागितलें, आणि मंडळीनें हात ठेवून त्यांस रवाना केलें. ते पहिल्यानें कोठें गेले? कुप्र बेटाकडे. ज्या बेटाच्या माणसांनीं अंत्युखियास दिवा लाविला, त्याच बेटाकडे अंत्युखियाचा दिवा प्रथम गेला.

येथें आणखी दोन गोष्टींकडे लक्ष द्यावें. मंडळीच्या पांच शिक्षकांचीं नांवें पहिल्या वचनांत आहेत. त्यांपैकीं जे दोघे दिले गेले ते मंडळीला वर्षभर ज्यांनीं शिकविलें तेच बर्णबा व शौल होत. टाकाऊ माणूस पाठवून मंडळी मोकळी झाली नाहीं. आणि दुसरें असें कीं, माणसें देण्यापूर्वीं ह्या मंडळीचा हात द्यावयास शिकलेला होता. दुष्काळाची सूचना मिळतांच प्रत्येकानें आपआपल्या ऐपतीप्रमाणें यहूदीयांतील बंधूंसाठीं मदत पाठविली (११.२९). ज्या मंडळीनें कधीं धान्याची पिशवी बाहेर पाठविली नाहीं, ती एकदम आपला बर्णबा बाहेर पाठवील, हें संभवत नाहीं.

आतां जाफन्याकडे वळूं. जाफन्याची हकीकत सांगतांना मुंबई सोडून चालत नाहीं, आणि ही गोष्ट आपल्यांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असते. १८१२ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत अमेरिकेंतील सेलम बंदराहून एक जहाज निघालें. त्यांत सॅम्युएल न्यूएल व त्यांची तरुण पत्नी हॅरिएट हीं होतीं. गॉर्डन हॉल ह्यांचें जहाज त्याच महिन्यांत फिलाडेल्फियाहून सुटलें. कलकत्त्यास पोहोंचल्यावर कंपनी सरकारानें त्यांस राहूं दिलें नाहीं. न्यूएल पतिपत्नी मॉरिशस बेटाकडे निघालीं; वाटेंत समुद्रावरच त्यांचें तान्हें मूल गेलें, आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजीं मॉरिशसांत हॅरिएटबाईहि गेल्या. त्यांचें वय तेव्हां एकोणीस वर्षांचें होतें. एकटे उरलेले न्यूएल तेथून सिलोनास आले. १८१३ सालाचा बहुतेक काळ त्यांनीं तेथें घालविला, जाफन्याचा प्रांत पाहिला, आणि तेथें कामाला जागा आहे असें अमेरिकन बोर्डाला लिहून कळविलें. मग १८१४ सालीं ते मुंबईस येऊन हॉल ह्यांस मिळाले, व १८२१ सालीं मुंबईंतच पटकीनें वारले. त्यांच्या लिहिण्यावरून बोर्डानें १८१६ सालीं जाफन्यास माणसें पाठविलीं. तेव्हां अमेरिकन मराठी मिशन आणि जाफन्याचें मिशन ह्या एकाच घरांतल्या दोन बहिणी होत, आणि दोघींच्या जन्माशीं एकाच दुःखी माणसाचा संबंध आहे.

जाफन्यास शाळा निघाल्या, १८२३ सालीं बट्टिकोट्टा येथें सेमिनरी स्थापन झाली, १८२४ सालीं उडुविल येथें मुलींची शाळा सुरू झाली, पुढें १८७२ सालीं जाफना कॉलेज उभें राहिलें. आणि ह्या मंडळ्यांतील विद्यार्थी १९०० सालच्या सुमारास एकमेकांस विचारूं लागले कीं, आम्हांस समुद्रापलीकडून मिळालें, तर आम्ही समुद्रापलीकडे काय देणार? त्यांनीं आपली एक परदेशी मिशनरी संस्था काढिली. त्यांचा 'परदेश' कोणता? समोरचा हिंदुस्थान! रामनाड प्रांतांतील तोंडी गांवाच्या बाजूला त्यांनीं आपल्या पैशांनीं आपला माणूस पाठविला.

अशा वेळीं, १९०२ सालीं, तेथें एक तरुण पाहुणे आले. त्यांचें नांव वेदनायकम सॅम्युएल अझारिया. तिनेवेल्ली जिल्ह्यांतील वेल्लालनविलै ह्या खेडेगांवांत १७ ऑगस्ट १८७४ रोजीं त्यांचा जन्म झाला. वडील खेड्यांतले पाळक होते. पुष्कळ वर्षें पुत्रासाठीं प्रार्थना केल्यावर हा मुलगा झाला, म्हणून हन्नेच्या मुलाप्रमाणें त्याचें नांव शमुवेल ठेविलें. अझारिया पंधरा वर्षांचे होतात तोंच वडील वारले. आईनें मुलाला शिस्तीनें वाढविलें. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजांत ते शिकले, पण दुखण्यामुळें परीक्षा हुकून त्यांस पदवी मिळाली नाहीं. १८९५ पासून ते वाय. एम. सी. ए. चे सेक्रेटरी म्हणून गांवोगांव फिरत होते. १८९८ सालीं अन्बु मरियम्माल ह्यांच्याशीं त्यांनीं हुंडा न घेतां व अगदीं थोड्या खर्चांत लग्न केलें. आमच्या मंडळ्यांतील लग्नांचीं कर्जें पाहातां एवढी एकच गोष्ट शिकविण्यास एक निराळा पाठ लागेल; पण तूर्त पुढें जाऊं.

अझारिया जाफन्यास गेले ते शिकवावयास. शिकून येण्यासाठीं नव्हे. सभा घ्यावी, तरुणांस उत्तेजन द्यावें, एवढाच हेतु. परंतु जाफन्याच्या विद्यार्थ्यांनीं आपला उद्योग त्यांस सांगितला, तेव्हां त्यांच्या काळजांत कांहीं तरी रुतलें. जाफन्याची मंडळी लहान. तिनेवेल्लीची मंडळी तिच्याहून जुनी व कितीतरी मोठी. १७८० सालीं पाळयंकोट्टै येथें चाळीसएक नांवांनिशीं ती नोंदली गेली, आणि अझारियांच्या वेळेपर्यंत तिच्यांत हजारों कुटुंबें होतीं, देवळें होतीं, स्वजातीय पाळक होते. अशी मंडळी स्वस्थ बसलेली, आणि तिच्या शेजारच्या तमिळ प्रांतांत सुवार्ता सांगावयास समुद्रापलीकडचीं मुलें पैसे जमवितात! घरांत धान्याचें पेंव भरलेलें असतां आपल्या दाराशीं उपाशी बसलेल्यास शेजारणीनें भाकर आणून द्यावी, तेव्हां घरधन्याला जें वाटेल, तें अझारियांस वाटलें.

न्यायानें बोलावयाचें तर तिनेवेल्लीचे लोक अगदींच घराबाहेर पडले नव्हते. सिलोनांतील चहाकॉफीच्या मळ्यांवर काम करणाऱ्या तमिळ मजुरांत तिनेवेल्लीचे उपदेशक पूर्वींपासून जात असत. परंतु ते आपल्याच भाषेच्या लोकांकडे जात आणि त्यांची व्यवस्था बव्हंशीं परदेशी मिशनाच्या हातीं असे. आपला पैसा, आपला माणूस, आपली जबाबदारी, आणि तीहि अनोळखी भाषेच्या अनोळखी लोकांसाठीं, ही गोष्ट अजून झाली नव्हती.

येथें थोडें थांबून एक विचार करावा. अझारिया सात वर्षें सारखे फिरतीवर होते. आगगाडीचे डबे, धर्मशाळा, सभागृहें ह्यांत त्यांचे दिवस जात. प्रवासानेंच जर आत्म्याला धार येत असती, तर ती त्यांस आधींच यावयास पाहिजे होती. पुष्कळ जण परदेशीं जाऊन येतात, आणि बरोबर कोट, घड्याळ व सांगावयास चार चमत्कारिक गोष्टी एवढेंच घेऊन येतात. जाफन्यास अझारियांनीं नवा डोंगर किंवा नवें शहर पाहिलें नाहीं. आपल्याच मंडळीचें तोंड त्यांनीं दुसऱ्याच्या आरशांत पाहिलें. आणि पाहून ते विसरले नाहींत. याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायांत आरशांत पाहून निघून जाणाऱ्या माणसाचा दाखला आहे. तो ह्या ठिकाणीं मंडळीस वाचून दाखवावा.

परत आल्यावर त्यांनीं मित्रांशीं बोलणें काढिलें, प्रार्थना केली, पाळकांस व पुढाऱ्यांस गांठलें. अवघ्या कांहीं महिन्यांत, १२ फेब्रुवारी १९०३ रोजीं, पाळयंकोट्टै येथें तिनेवेल्लीची इंडियन मिशनरी सोसायटी स्थापन झाली. अझारिया तिचे सेक्रेटरी झाले. माणसें हिंदी, पैसा हिंदी, कारभार हिंदी, असा नियम त्यांनीं ठरविला. परदेशी मिशनरी त्यांचे मित्र होते, पण परदेशांतील द्रव्य घ्यावयाचें नाहीं असें ठरलें. आणि हें ठरविणारे लोक श्रीमंत नव्हते. ताडाच्या झाडांवर चढून रस काढणाऱ्या व लहान शेती करणाऱ्या कुटुंबांतील ते लोक होते.

कामासाठीं क्षेत्र कोणतें निवडावें? त्यांनीं शोध केला, आणि उत्तरेस त्या वेळच्या निजामाच्या राज्यांत, आतांच्या तेलंगणांत, दोर्नकल नांवाच्या ठाण्याच्या आसपासचा मुलूख निवडिला. तेथें सुवार्तिक जवळजवळ पोहोंचलेच नव्हते. तिनेवेल्लीहून तें ठिकाण सुमारें सातशें मैल. भाषा तेलुगू, लिपि निराळी, अन्न निराळें, राज्य निराळें. १९०४ सालीं सॅम्युएल पाक्यनाथन् हे पहिले मिशनरी तेथें गेले. तमिळ माणसाला तेथें लहान मुलाप्रमाणें अक्षरें गिरवीत बसावें लागलें. समुद्र ओलांडिला म्हणजेच परदेश होतो असें नाहीं, हें दोर्नकलनें दाखविलें.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. १९०५ सालच्या नाताळच्या दिवशीं सेरामपूर येथें, जेथें विल्यम कॅरी ह्यांनीं काम केलें तेथें, सर्व हिंदुस्थानासाठीं नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या मुळाशींहि अझारिया होते, आणि तिचें पहिलें क्षेत्र पंजाबांतील माँटगोमेरी जिल्हा हें झालें. १९०७ सालीं ते विद्यार्थ्यांच्या जागतिक परिषदेसाठीं जपानांत टोकियो येथें गेले. परंतु मनाला खरी बोच निराळीच होती. दुसऱ्यांस दोर्नकलला पाठविणारा सेक्रेटरी स्वतः मात्र सभांतून भाषणें देत हिंडतो, हें त्यांस सहन होईना. तरुणांस 'जा' असें सांगणारा मी, मग मी कां जाऊं नये? १९०९ सालीं त्यांनीं वाय. एम. सी. ए. मधील आपली मानाची जागा सोडली, जूनमध्यें डीकन म्हणून दीक्षा घेतली, आणि पस्तिसाव्या वर्षीं बायकोमुलांसह दोर्नकलची वाट धरिली. तेथें प्रथम तंबूंत राहून त्यांनीं तेलुगू शिकावयास सुरुवात केली.

पाहा, जाफन्याहून निघालेला प्रश्न त्यांच्या घरापर्यंत यावयास सात वर्षें लागलीं. आधीं त्यानें मंडळीला विचारिलें, मग देशाला, आणि शेवटीं विचारणाऱ्यालाच विचारिलें. उत्कंठा एका रात्रींत पेटते व दुसऱ्या रात्रींत सर्व कांहीं करून मोकळी होते, असें समजणाऱ्यांनीं ह्या सात वर्षांचा विचार करावा.

पुढच्याच वर्षीं, १९१० च्या जूनमध्यें, स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं जागतिक मिशनरी परिषद भरली. सुमारें बाराशें प्रतिनिधी. त्यांत आशियाखंडाचे जेमतेम वीस. अझारियांस परदेशी व देशी कामगारांच्या परस्पर संबंधांवर बोलावयास सांगितलें होतें. त्यांनीं गोड बोलून वेळ निभावली नाहीं. मिशनरींनीं केलेल्या त्यागाबद्दल त्यांनीं मनापासून आभार मानिले, आणि मग सांगितलें कीं, तुम्ही आम्हांस द्रव्य दिलें, श्रम दिले, देहहि दिले, पण बरोबरीची मैत्री क्वचितच दिली, ती द्या. सभेंत कांहींजण अस्वस्थ झाले, कांहींस राग आला. परंतु तें भाषण आजहि स्मरणांत आहे, आणि त्या वेळच्या कित्येक लांबलचक अहवालांची कोणी आठवण काढीत नाहीं. माझ्या मतें हें बोलण्याचा अधिकार त्यांस दोर्नकलच्या तंबूनें दिला. जो स्वतः कोणाला देत नाहीं, त्यानें देणाऱ्याचे दोष काढिले तर ती नुसती कुरकुर होते; अझारिया स्वतः देत होते.

२९ डिसेंबर १९१२ रोजीं कलकत्त्यास त्यांची दोर्नकलचे बिशप म्हणून स्थापना झाली. अँग्लिकन मंडळींत हा मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. आरंभीं त्यांच्या हाताखालीं मोजके पाळक होते. १ जानेवारी १९४५ रोजीं ते दोर्नकल येथेंच वारले, तेव्हां त्या प्रांतांत बाप्तिस्मा घेतलेल्यांची संख्या दोन लाखांहून अधिक झाली होती.

ही वाढ कशी झाली, हें खेड्यांतल्या उपदेशकांनीं मुद्दाम पाहावें. ती मोठ्या वक्त्यांनीं केली नाहीं. दोर्नकलचे बहुतेक ख्रिस्ती लोक माला व मादिगा ह्या, गांवकुसाबाहेर ठेविलेल्या व मजुरीवर जगणाऱ्या जातींतून आले. पुष्कळांस अक्षरओळख नव्हती. अशा लोकांस बिशपसाहेब काय सांगत? बाप्तिस्मा घेतलेल्या माणसानें स्वतःच्या डोक्यावर हात ठेवावा, आणि पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायांतील सोळाव्या वचनाला धरून, सुवार्ता सांगितली नाहीं तर आपली धडगत नाहीं, असें सर्वांसमक्ष बोलावें. पाळकाचा हात दुसऱ्याच्या डोक्यावर ठेविलेला आपण पाहातों. येथें निरक्षर मजूर आपलाच हात आपल्या डोक्यावर ठेवीत असे. वर्षांतून एक आठवडा साक्षीचा पाळीत; त्या वेळीं पुरुष व बायका टोळ्याटोळ्यांनीं आसपासच्या गांवीं जात. आणि दानाविषयीं ते फार कडक होते. घरची बाई भात शिजावयास घालतांना मूठभर तांदूळ वेगळे काढून ठेवी व मंडळींत आणून अर्पण करी. आपल्याकडे ह्यालाच मुष्टिफंड म्हणतात. तांदुळाच्या जागीं ज्वारी किंवा बाजरी घातली कीं झालें.

सर्व सुरळीत चाललें असें मात्र कोणी समजूं नये. माला व मादिगा ह्यांच्यांतील जुना भेद मंडळींतहि डोकें वर काढी, व त्याच्याशीं बिशपांस जन्मभर झगडावें लागलें. घाण, रोगराई, कर्ज व दारू ह्या चार शत्रूंशींहि त्यांचें सतत युद्ध असे. बाप्तिस्म्याची नोंद वाढली म्हणून दारूचें दुकान ओस पडतें असें नाहीं, हें ते जाणून होते. तरीपण ह्या दीन लोकांच्या राहणींत पडलेला फरक पाहून पुढें सवर्ण शेतकऱ्यांपैकींहि कित्येक लोक ख्रिस्ताकडे आले. मजुरांनीं मालकांस साक्ष दिली, आणि बहुतेक वेळां ती तोंडानें न देतां वागण्यानें दिली.

आपल्या महाराष्ट्रांतहि अशी एक गोष्ट त्याच काळांत घडली. ऑस्ट्रेलियांत मेलबोर्न येथें १९०२ सालीं झालेल्या जागृतीची वार्ता केडगांवास पंडिता रमाबाईंच्या कानीं आली, तेव्हां त्यांनीं आपली कन्या मनोरमाबाई व मिस अ‍ॅब्रम्स ह्यांस तिकडे पाठविलें. त्या परत आल्यावर लगेच कांहीं झालें नाहीं. १९०५ च्या जानेवारींत सुमारें सत्तर मुलीबाया रोज प्रार्थनेस बसूं लागल्या. ती संख्या वाढत पांचशेंच्या वर गेली. आणि जूनच्या अखेरीस मुक्तिसदनांत ती प्रसिद्ध जागृति झाली. तेथेंहि परदेशाची वार्ता ठिणगीएवढीच होती. सरपण ह्या मुलींच्या रोजच्या प्रार्थनेनें घातलें.

आतां थोडें स्वतःविषयीं लिहितों, आणि लिहितांना संकोच वाटतो. मी ज्या खेड्यांत पुष्कळ वर्षें उपदेशकाचें काम केलें, त्याच्या पूर्वेला नदी आहे, आणि नदीच्या पलीकडे भिल्लांची एक वस्ती आहे. उन्हाळ्यांत गुडघाभर पाणी. पोरें खेळतां खेळतां ओलांडितात. तितक्या वर्षांत मी ती नदी एकदांहि ओलांडिली नाहीं. कारणें विचाराल तर माझ्यापाशीं तयार होतीं : त्यांची बोली मला येत नाहीं, तें काम दुसऱ्या कोणाचें असावें, आमच्याच मंडळींत विहिरीवरून तंटे आहेत ते आधीं मिटूं द्या, वरून कोणी सांगितलेलें नाहीं. एका रविवारीं मी हाच जाफन्याचा पाठ मोठ्या आवेशानें शिकविला. पाठ संपल्यावर मागें बसलेल्या एका आजीबाईंनीं विचारिलें, "मास्तर, जाफना म्हंजे आपल्या नदीहून लई लांब हाय का?" लोक हंसले. मीहि हंसलों. पण घरीं आल्यावर जेवण गेलें नाहीं.

पुढच्या आठवड्यांत मी त्याच आजीबाईंस व दोन तरुणांस बरोबर घेऊन नदी ओलांडिली. त्या दिवशीं उपदेश कांहीं झाला नाहीं. वस्तींत एक पोर तापानें फणफणलेलें होतें, त्याच्यापाशीं आजीबाई बसून राहिल्या, आणि आम्ही तिघांनीं त्याला खाटेवर घालून दवाखान्यांत नेलें. तें जगलें. त्याच्या आईबापांनीं अजून बाप्तिस्मा घेतलेला नाहीं, व घेतील कीं नाहीं हें मला ठाऊक नाहीं. परंतु आतां त्या वस्तींत आमच्या नांवानें हांक मारणारीं माणसें आहेत, आणि त्यांच्या बोलींतले शेंपन्नास शब्द मला येतात.

उपदेशक बंधूंनीं हा पाठ दोन बैठकींत घ्यावा. पहिल्या बैठकींत शास्त्रपाठ वाचून, भिंतीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर कोळशानें अंत्युखिया व कुप्र बेट काढून दाखवावें, आणि वचन कोणत्या वाटेनें आलें व कोणत्या वाटेनें परत गेलें, हें मुलांकडून बोट फिरवून घ्यावें. दुसऱ्या बैठकींत जाफना, तिनेवेल्ली व दोर्नकल ह्यांचा नकाशा काढावा. मग आपल्या गांवाचा काढावा. आपल्या मंडळीस सुवार्ता कोणत्या गांवाहून, कोणाकडून आली, हें वडील माणसांस विचारावें. पुष्कळ ठिकाणीं तीं नांवें सांगणारे आतां दोघेतिघेच उरले असतील, म्हणून तीं लिहून ठेवावीं. आपल्या गांवापासून दोन कोसांच्या आंत जेथें आपल्यांपैकीं कोणी कधीं गेलेलें नाहीं, अशा वस्त्यांचीं नांवें बायकांस विचारावीं. बाजारास जाणाऱ्या बायकांस तीं पुरुषांपेक्षां अधिक ठाऊक असतात. मंडळीनें गेल्या वर्षांत आपल्या गांवाबाहेरच्या कोणासाठीं कांहीं पाठविलें काय, हें हिशेबाच्या वहींतून वाचून दाखवावें. कांहीं नसेल तर तसेंच सांगावें.

पुढील बैठकीस येतांना प्रत्येक घरानें मूठभर धान्य आणावें, आणि प्रेषितांचीं कृत्यें १३.४–१३ वाचून यावें. त्यांत योहान मार्क अर्ध्या वाटेवरून परत कां गेला असेल, ह्याचा विचार करून ठेवावा.